हरणाऱ्या संघाशी किती गोड बोलायचं?

भुसावळच्या टॉकीजमध्ये शिट्टी वाजली की समजायचं, पडद्यावर हिरो आला. माद्रिदच्या सान्तियागो बर्नाबेउ फुटबॉल मैदानावर शिट्टी वाजली की समजायचं, घरच्याच खेळाडूची उतरवली जातेय. तिथल्या प्रेक्षकांनी गोलकीपर कासियासला शिट्ट्या मारल्या, क्रिस्तियानो रोनाल्डोलाही मारल्या. त्याहून जास्त डोकं फिरलं की लोक खिशातून पांढरे रुमाल काढून हलवतात. त्याला 'पान्योलादा' म्हणतात, आणि बऱ्याचदा त्याचा रोख खेळाडूंवर नसून वर गादीवर बसलेल्या अध्यक्षावर असतो. मे महिन्यात आपल्याकडे अर्धं गाव डोक्याला पांढरा रुमाल बांधून फिरतं, पण त्याचा हा उपयोग अजून कुणाला सुचलेला नाही.

संघ हरत असताना पाठीराखे फारच सभ्य राहतात का, या प्रश्नाचं खानदेशी उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं. मोबाइलवर आपण अजिबात सभ्य नसतो. पेनल्टी हुकवणाऱ्या परदेशी पोराच्या खात्यावर जाऊन जे लिहिलं जातं ते घरात मोठ्याने वाचता येणार नाही. जिल्ह्याच्या मैदानावरसुद्धा बॅकचा, म्हणजे बचाव करणाऱ्या पोराचा, पाय चुकला की त्याच्या सात पिढ्या निघतात. मात्र त्याच मैदानाच्या कडेला मंडपात हार घालून बसलेल्या साहेबांपुढे आपली मान आपोआप खाली जाते. त्यांना 'सराव कुणी घेतला, कधी घेतला' एवढंही कुणी विचारत नाही. पीक गेलं तरी 'कसं काय?' या प्रश्नाला 'बरं शे ना भो' म्हणणारी आपली माणसं. तोच सूर जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेच्या बैठकीत लागतो. सभ्यपणा कमी पडतो की जास्त होतो हा वाद मला फोल वाटतो. आपला पत्ता चुकलेला आहे. शिवी पोराला जाते आणि शाल-श्रीफळ ज्याने उत्तर द्यायचं त्याला.

आता आवाजाचं बोलू, कारण 'आपण ओरडून काय होणार' असं म्हणणारे बरेच आहेत. २००२ मध्ये नेव्हिल, बाल्मर आणि विल्यम्स या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० पात्र रेफ्रींना एकाच सामन्यातले ४७ टॅकल व्हिडिओवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. पुढे २०२० च्या मे महिन्यात जर्मन बुंडेसलीगा रिकाम्या मैदानांवर सुरू झाली, इतर देशांतही तसंच झालं, तेव्हा पाहुण्या संघाला जास्त पिवळी कार्डं मिळण्याची जुनी सवय बरीच कमी झाली. म्हणजे गर्दीचा आवाज रेफ्रीच्या कानात जातो आणि शिट्टीतून बाहेर येतो. हाताची घडी घालून बसणारा पाठीराखा ही मदत फुकट घालवतो.

पण खेळ चालू असताना आपल्याच पोरांविरुद्ध ओरडलं तर काय होतं, तेही नीट बघा. पहिल्या दोन चुकांवर शिव्या पडल्या की विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, सरळ समोरच्या बॅकच्या सावलीत जाऊन उभा राहतो. तिथे चेंडू येत नाही, म्हणून शिवीही येत नाही. मिडफिल्डर पुढचा पास सोडून आडवा देतो. गोलकीपर जवळचा बॅक मोकळा असूनही लांब लाथ मारतो. मग आपण म्हणतो, पोरांत दम नाही. दम असतो, चेंडू मागायची हिंमत आपणच काढून घेतलेली असते. म्हणून माझा हिशेब सोपा आहे: ९० मिनिटं आवाज संघाच्या बाजूने, आणि जे काही कडू बोलायचं ते शेवटच्या शिट्टीनंतर, तेही समोरासमोर.

हे कसं करायचं याचं चांगलं उदाहरण डॉर्टमुंडचं. २०११ आणि २०१२ ला जर्मन लीग जिंकलेला संघ, प्रशिक्षक युर्गन क्लॉप, आणि ४ फेब्रुवारी २०१५ ला घरच्या मैदानावर आउग्सबुर्गकडून ०-१ हरून तक्त्यात तळाला. सामना संपल्यावर दक्षिण स्टँडने हुर्यो केली. तो स्टँड म्हणजे उभ्याने सामना बघणारी जवळजवळ २५ हजार माणसं. गोलकीपर वायडेनफेलर आणि कर्णधार हुमेल्स बोगद्याकडे पळाले नाहीत. जाळीवर चढून लोकांशी बोलत राहिले. राग दाखवला गेला, ऐकला गेला, आणि पुढच्या सामन्यांना स्टँड पुन्हा भरला. मोसमाअखेर संघ सातवा आला.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचं, ६ फेब्रुवारी २०१६. मालकांनी नव्या स्टँडमधल्या सगळ्यात महाग तिकिटाची किंमत ७७ पौंड जाहीर केली होती. पाठीराख्यांनी आधीच सांगून ठेवलं की ७७ व्या मिनिटाला उठून जाणार. संघ संडरलँडविरुद्ध २-० ने पुढे होता. हजारो लोक उठून गेले आणि सामना २-२ सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचा बेत मागे घेतला आणि सगळ्यात महाग तिकीट ५९ पौंडांवर गोठवलं. योगायोग असा की दोन्ही वेळा प्रशिक्षक क्लॉपच, फक्त या दुसऱ्या सामन्याला तो अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे मैदानावर नव्हता.

इथे कामाची गोष्ट मिनिटाची आहे. सामना आवडला नाही म्हणून ७० व्या मिनिटाला मोटारसायकलला किक मारून घरी जाणारे आपल्याकडेही ढीगभर असतात. पण त्या जाण्याचा अर्थ कुणी लावत नाही. संयोजकांना वाटतं गडी शेतात पाणी धरायला गेला. वेळ आणि कारण आधी जाहीर केलं तरच रिकामी जागा बोलते. जर्मनीत २०१२ च्या शेवटी प्रेक्षक प्रत्येक सामन्यात पहिली १२ मिनिटं १२ सेकंद गप्प बसत, कारण सुरक्षेच्या नव्या नियमांवर मतदान १२ डिसेंबर २०१२ ला होतं. तेराव्या मिनिटाला अख्खं मैदान एकदम फुटायचं. त्या शांततेतच लोकांना कळलं की आवाज कुणाचा असतो.

जर्मन मंडळींनीच २०२३-२४ च्या हिवाळ्यात लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायच्या बेताविरुद्ध मैदानात टेनिस बॉल आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी फेकली. टेनिस बॉलच का? लागत नाही, लांब घरंगळतो आणि गोळा करायला वेळ लागतो. सामने खोळंबले आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने बोलणी थांबवली. टेनिस बॉल आपल्याकडे घरोघरी आहेत, तरी हे इकडे करू नका. आपल्या मैदानांना ना जाळी असते ना कुंपण. चार बॉल आत गेले की मागून कुणीतरी दगड टाकतो, आणि रेफ्री सामनाच बंद करतो. कोल्हापुरात तालमींचा फुटबॉल बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथला जोश घ्यावा, त्याच्यामागची हाणामारी तिथेच ठेवावी. जर्मनीचा शाल्के संघ २० एप्रिल २०२१ ला बीलेफेल्डमध्ये हरून खालच्या लीगमध्ये गेला, तेव्हा रात्री परतलेल्या खेळाडूंवर स्वतःच्याच लोकांनी अंडी फेकली, काहींच्या मागे धावून त्यांना लाथा घातल्या. त्याने एकही गुण वाढला नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते. डिसेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसनला निरोप देणारा फलक झळकला: तीन वर्षं नुसती कारणं सांगितलीस, आता जा. फलक रंगवणारा काही वेडा नव्हता, संघ त्या मोसमात तेरावा आला. पण मे १९९० मध्ये फर्ग्युसनने एफए कप जिंकला आणि २०१३ ला तो निवृत्त झाला तेव्हा नावावर १३ लीग विजेतेपदं होती. निकाल सगळ्यांना दिसतो. निकालामागे काय चाललंय हे बघायला वेगळे डोळे लागतात, आणि तो भाग मला इथे जरा सविस्तर लिहायचा आहे.

साधी शंभर पानी वही घ्या. एका सामन्याला एक पान. आडव्या बाजूला १५-१५ मिनिटांचे सहा रकाने. उभ्या बाजूला: गोलवर गेलेले फटके, बाहेर गेलेले फटके, आपल्या अर्ध्यात गमावलेला चेंडू, आपल्याविरुद्धचे कॉर्नर, खाल्लेले गोल, बदली खेळाडू. दोन माणसं बसा, एकाने बघायचं आणि दुसऱ्याने रेघ मारायची. एकटा लिहायला लागला की त्याचा अर्धा खेळ सुटतो. निदान पाच-सहा सामन्यांशिवाय मत बनवू नका. मग पानं शेजारी ठेवून वाचा. गोल शेवटच्या रकान्यात, म्हणजे ७५ मिनिटांनंतर, साचत असतील तर दमसास कमी आहे किंवा बाकावरची पोरं वेळेवर उतरवली जात नाहीत. आपल्या स्पर्धांत एका दिवशी दोन सामने लावतात, तेव्हा दुसऱ्या सामन्यात हे हमखास दिसतं. तो दोष वेळापत्रकाचा, पोरांचा नव्हे. गोल कॉर्नरवर होत असतील तर कुणी कुणाला धरायचं याचा सराव झालेला नाही, हा प्रश्न कोचला. फटके भरपूर, गोलवर जाणारेही भरपूर, आणि तरी गोल नाही, तर थोडं थांबा. पेनल्टीसुद्धा शंभरातल्या साधारण ७६ ते ७९ च आत जातात, तेव्हा चालत्या खेळातला फटका हुकणं यात नवल काय? पण सहा सामन्यांत फटक्यांचे रकानेच कोरे असतील, तर मग थांबू नका. तिथे गोड बोलणं म्हणजे केळीच्या बागेत सीएमव्ही हा विषाणूरोग आलेलं झाड बघूनही तसंच उभं ठेवणं. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारा, तो एक झाड उपटतो. अख्खी बाग पेटवत नाही.

पोरांवर खापर फोडण्याआधी मैदान आणि चेंडू बघा. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिकट गारा. म्हणून वर मुरूम टाकतात, आणि कोरडा मुरूम म्हणजे सिमेंटचा भाऊ. नियमाप्रमाणे पाच नंबरच्या चेंडूत हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय चालतो. कडक मैदानावर १२-१३ भरली की चेंडू गुडघ्याखाली राहतच नाही, प्रत्येक पास उसळतो आणि प्रेक्षक म्हणतात, साधा चेंडू थांबवता येत नाही. ९ च्या आसपास ठेवला तर बराच फरक पडतो. गेज नसेल तर अंगठ्याने दाबून अंदाज घेणारे भेटतात. अंगठ्यावर विश्वास ठेवू नका. आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारून सकाळी रोलर फिरवलेला आहे का, हेही विचारा. ज्या गावात नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे हा प्रश्न विचारला की लोक हसतात, तरी विचारा. उन्हाचंही तेच. फिफाच्या मार्गदर्शनानुसार ऊन आणि दमटपणा मिळून काढलेला 'वेट बल्ब ग्लोब' आकडा ३२ च्या वर गेला की प्रत्येक हाफमध्ये पाण्यासाठी थांबायचं. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे कुठून येणार? पण ४४ अंशांच्या जळगावात दुपारी तीनचा सामना ठेवणाऱ्याला यंत्राची गरज नाही, त्याला कुणीतरी स्पष्ट 'हाऊ काय खेय शे भो?' विचारायची गरज आहे.

विचारायचं कसं, तर एक मार्ग फलकाचा. फ्लेक्स नको. वैशाखातल्या वाऱ्यात फ्लेक्सचं शीड होतं आणि बांबू धरणारा फरफटतो. मांजरपाट घ्या, वारा त्यातून थोडा तरी पार होतो. अक्षरांचा ठोकताळा असा: दर १० फूट अंतराला एक इंच उंची. मैदानाच्या पलीकडच्या मंडपातून, म्हणजे साधारण २०० फुटांवरून, वाचायचं असेल तर अक्षर २० इंच. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून कापडाची उंची निदान ३६ इंच. रेघ अक्षराच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी जाड, म्हणजे तीन-चार इंच. लांबून भ आणि म, घ आणि ध एकसारखे दिसतात, तेव्हा शिरोरेघेतली फट मोठी ठेवा. शब्द पाचाच्या वर नकोत. तेलरंगाने कापड कडक होतं आणि घडी घातली की रंग तडकतो, साधा डिस्टेंपर पहिल्या सरीत वाहून जातो. प्लास्टिक इमल्शन थोडं पाणी घालून वापरा. खाली वर्तमानपत्रं अंथरा, नाहीतर फरशीवरही तोच प्रश्न छापला जातो. दोन्ही टोकांना बांबू आणि मध्ये दर सहा-सात फुटांवर एक. मजकूर प्रश्नाचा असावा: 'कोच कोण? सराव कधी?' कुणा खेळाडूचं नाव नको, जातीचा-मोहल्ल्याचा उल्लेख तर नकोच नको. फलक सामन्याआधी आणि हाफ टाइमला दाखवा, खेळ चालू असताना गुंडाळून ठेवा, कारण मागच्या रांगेतल्या माणसाने तिकडे तुमचं कापड बघायला गर्दी केलेली नाही.

घरी बसून इंग्लिश क्लब बघणाऱ्यांसाठी फार सांगण्यासारखं नाही. शनिवारी तीन वाजताचे सामने खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत, तिथे दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट फुटबॉल बंद असतो. आपण ते धुळ्यात बसून संध्याकाळी साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला बघतो. आपल्याला स्टँडमधून उठून जाता येत नाही, शिट्टी मारली तर शेजारी उठतात. मालकाला टोचवायचं असेल तर त्या मोसमाची जर्सी घेऊ नका. खेळाडूच्या खात्यावर शिव्या लिहिणं मालकाला टोचत नाही. २०२१ च्या युरो फायनलमध्ये पेनल्टी हुकवलेल्या इंग्लंडच्या रॅशफोर्ड, सांचो आणि साका या तिघांच्या वाट्याला कशा वर्णद्वेषी शिव्या आल्या ते सगळ्यांनी पाहिलं.

आपल्या देशाच्या संघाकडे वळलं तर चित्र उलटं आहे. २०२४ च्या कॅलेंडर वर्षात भारताचा पुरुष संघ ११ सामने खेळला, एकही जिंकला नाही, गोल केले चार. एवढ्या आकड्यांवर चौकात चर्चा व्हायला हवी होती. झाली का? इथे आपण सभ्यही नव्हतो आणि असभ्यही नव्हतो, आपण नव्हतोच. १ जून २०१८ ला अंधेरीत भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं तेव्हा मैदानात २,५६९ माणसं होती. दुसऱ्या दिवशी सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकून विनवलं की टीका करा, शिव्याही द्या, पण मैदानावर या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. कर्णधार स्वतः शिव्या मागतो, यातच सगळं आलं. केरळ ब्लास्टर्स क्लबच्या पाठीराख्यांच्या 'मंजप्पडा' या गटाला हे कळलंय. हजारोंनी पिवळ्या जर्सीत येणारी ही मंडळी डिसेंबर २०२४ मध्ये ब्लास्टर्सच्या व्यवस्थापनाविरुद्ध उघड उभी राहिली.

जिल्ह्याच्या पातळीवर व्यवस्थापनाला हात घालायचा तर कागद लागतो. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं. सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेचा संघही जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य असा वर जातो. हे सरकारी कार्यालय असल्यामुळे माहितीचा अधिकार लागू. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. इथेच बहुतेकांचा अर्ज मरतो: फुटबॉल, कबड्डी, संकुलाचं भाडं, सगळं एकात कोंबतात. दुसरी चूक 'का' विचारण्याची. 'मैदान खराब का?' याला उत्तर मिळत नाही, कारण ती नोंद नाही. 'गेल्या तीन आर्थिक वर्षांत फुटबॉल मैदानाच्या देखभालीवर झालेल्या खर्चाच्या बिलांच्या प्रती' असं मागा. प्रती दोन रुपये पानाने मिळतात. संघटना नोंदणीकृत न्यास असेल तर तिला वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात; नोंदणी क्रमांक लेटरहेडवर असतो, तो टिपून त्या कार्यालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. अर्जाची भाषा मात्र एकदम सभ्य ठेवा, 'महोदय' आणि 'विनंती' सकट. तिथे सभ्यपणा कामाला येतो, कारण चिडून लिहिलेला अर्ज बाजूला ठेवायला कारण सापडतं.

एक अपवाद. १५ आणि १७ वर्षांखालच्या मुलामुलींच्या सामन्यात हुर्यो, फलक, शिट्ट्या काहीच नाही. नंदुरबारच्या एखाद्या आश्रमशाळेचा संघ पहाटेची बस धरून येतो, दहाला सामना, ०-६, आणि अकराला परतीच्या बसची चिंता. त्यांच्यासाठी २० लिटरचा पाण्याचा जार, त्यात मीठ-साखर-लिंबू, आणि जेवायला किती वाजता मिळणार हे संयोजकांना विचारणारा एक माणूस पुरे. तो प्रश्न मंडपातल्या माइकजवळ जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारा.

माहितीच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टँप. पोच घ्यायला विसरू नका.